खालचा पाइप

चोर्ला घाट चढून वर आले तेव्हा काटा
लाल पट्टी ओलांडून पार टोकाला टेकला होता.
बॉनेटच्या फटीतून निघालेली वाफ काचेवर चढत होती.
कणकुंबीच्या अलीकडे, जांभळीखाली,
मी फियाट बाजूला घेतली.
चौसष्टचं मॉडेल, निपाणीच्या एका तंबाखू-दलालाकडून घेतलेलं.
अजूनही मागची सीट दाबली की शिंक येते.

झाकण लगेच उघडायचं नसतं, हे मला माहीत होतं.
एकतीस वर्षं खानापूरला पोरांना शिकवलंय:
दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो,
उंचीवर गेलं की उतरतो.
फळ्यावर ते बरोबर होतं.
इथं करपल्या रबराचा वास येत होता
आणि एक म्हैस थांबून बघत होती.

अर्ध्या तासानं फडक्याची घडी करून झाकण फिरवलं.
सुस्कारा टाकून पाणी खाली बसलं.
मग माझी तपासणी.
पट्टा अंगठ्यानं दाबला, बोटभर लवतो, ठीक.
पंख्याची पाती जागच्या जागी.
थर्मोस्टॅट सोडवला, टपरीवरच्या पातेल्यात उकळत टाकला.
रत्नाक्का म्हणाली, बाई, हे शिजल्यावर लागतंय कसं?
तो शहाण्यासारखा उघडला,
गार झाल्यावर मिटला.

रेडिएटरची तोटी सोडली तर आली तांबूस रबडी.
तळहातावर घेऊन बघितली.
अथणीच्या बोअरचा पांढरा क्षार,
चिकोडीच्या आडाचा मचूळ गाळ,
जिथं जिथं गाडी तापली तिथं तिथं
दलालानं हाताला लागेल ते ओतलेलं,
सगळा जिल्हा थराथरानं आत बसलेला.
सापडलं, मला वाटलं.
वहीत लिहिलंसुद्धा, तारीख घालून.
मलप्रभा जिथं उगवते तिथलं,
अजून कुठल्याच गावाचं न झालेलं पाणी आणलं,
तीनदा धुतलं, चौथ्यांदा स्वच्छ आलं.
दोन किलोमीटर गेले.
काटा परत टोकाला.
तशीच वळवली, थांबत थांबत टपरीशी आणली.

जांबोटीहून मक्तुमसाब आले, एम-एटीवर,
मागं पान्यांचं पोतं बांधून.
माझी सगळी कारणं त्यांनी ऐकून घेतली,
मध्ये एकदा "हौदु" म्हणाले,
एकदा "असंल की".
मग म्हणाले,
बाई, तुम्ही उभ्या गाडीला तपासूलालाय.
उभं असताना कोण आजारी असतंय?
बसा आत. रेस द्या.

दिली.
सोडू नका. अजून द्या.
ते इंजिनाकडे बघतच नव्हते.
उठा, आता मी दाबतो, तुम्ही बघा, खाली, अजून खाली.

वाकले.
रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा जाड पाइप
आत ओढला जात होता,
आंबा चोखणाऱ्या पोराचे गाल जसे जातात तसा,
पार चपटा.
त्यांनी पाय काढला.
पाइप फुगून पूर्ववत,
जसं काही झालंच नव्हतं.

आत स्प्रिंग असते, ती गंजून संपली होती.
बोट घातलं तर चिमूटभर भुगा.
नवा पाइप बेळगावला, तोही रविवार नसेल तर.
मक्तुमसाबांनी कुंपणाची तार मागितली, रत्नाक्काचं मुसळ मागितलं,
आणि तार त्यावर गुंडाळत गेले,
मोजताना कन्नड, तार निसटली की शिवी मराठी.
ओंदु, एरडु, मूरु.
एकोणीस वेढे भरले.

तारेचे रत्नाक्काला द्या, माझे दीडशे.
आणि ही गंजणार, पावसाच्या आत पाइप बदला.
बदलते, म्हणाले.

त्याला दोन पावसाळे झाले.
काटा अर्ध्यावर असतो.
तरी घाट लागला की मी रेडिओ बंद करते,
खिडकी खाली घेते
आणि आतले वेढे मोजत चढते,
ओंदु, एरडु, मूरु, त्यांच्यासारखंच.
हदिमूरुच्या पुढं मला येत नाही,
तिथून मराठीत.